मुलींनी सोडून दिलेली बोंडं

कापूस फुटला की आमच्याकडचा उजेडच बदलतो. बेल्याहून पैनगंगेकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी पांढरी झालेली असते, आणि ऊन वरून पडण्याऐवजी खालून वर येतंय असं वाटतं. मोटारसायकलवरून जाणारे लोक थांबून फोटो काढतात. फोटोत बाया वाकलेल्या असतात आणि खाली कोणीतरी लिहितं, पांढरं सोनं. त्या फोटोत बोटं कधीच दिसत नाहीत. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. चार दिवसांत बोटांची पेरं खरवडून निघतात, आणि महिनाभर रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनला आमच्या बाया ओळखूच येत नाहीत. हात पुसून पुन्हा लाव, पदराला घासून पुन्हा लाव. शेवटी दुकानदार म्हणतो, "अम्मा, उद्या या." ह्या हंगामाला सुंदर म्हणणाऱ्याला मी एकदा त्या रांगेत उभं करणार आहे.

यंदाही वेचणी लागली. मी आदिलाबादहून घरी आले, आईबरोबर दोन दिवस कमरेला वेचणीची ओटी बांधून शेतात गेले, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याच्यानं होईना. हात दुखत होते म्हणून नाही. अर्धवट फुटलेल्या एका बोंडाकडे हात गेला आणि आपोआप मागे आला. त्या मागे येण्यात मला तीन वर्षांपूर्वीची ती खोली दिसली.

खोली समाज मंदिराच्या बाजूची. वर पत्रे, आत सहा जुने संगणक, एक पंखा, आणि पंखा सुरू केला की बंद पडणारा एक संगणक. ती ताईनं मागून घेतली होती. ताईचं नाव मी इथे लिहिणार नाही. गावही लिहिणार नाही, आणि मुलींची नावं बदलली आहेत. ज्यांना ओळख पटेल त्यांना पटू द्या.

ताई ह्याच गावची. तिच्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. ताई इंजिनियर झाली, हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये बारा-तेरा वर्षं काढली, आणि तिथे ती बोलायला लागली. बाळंतपणाहून परतलेल्या बाईचं काम परस्पर दुसऱ्याला दिलं गेलं, ती बोलली. नव्या मुलींना फक्त चुका तपासायच्या कामावर बसवतात, ती बोलली. मग तिला सभांना बोलवायला लागले. महिला आणि तंत्रज्ञान, असे फलक, फुलांचे गुच्छ. एकदा आम्हा काही जणींना तिनं सोबत नेलं होतं. एसीच्या थंडीत आम्ही ओढण्या लपेटून बसलो होतो. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, मॅडम, तुमची प्रेरणादायी गोष्ट सांगा. ताई माईकशी गेली आणि म्हणाली, "माझी गोष्ट ऐकून तुम्ही टाळ्या वाजवाल. त्यापेक्षा हे सांगा, तुमच्या ऑफिसात गेल्या वर्षी किती जणी नोकरी सोडून गेल्या आणि त्यांना कोणी विचारलं का, काऊन चालल्या?" मग मागून एक मुलगी उठली आणि बोलायला लागली, मग दुसरी. ताई माईक सोडून खाली येऊन आमच्याशेजारी बसली आणि कानात म्हणाली, "आता चहा चांगला भेटते का पाहा. नाराज झाले की बिस्किट कमी करतात."

मी तेव्हा आदिलाबादच्या कॉलेजात संघटनेची पत्रकं लिहायला शिकले होते. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत दोषी, शेवटी मागणी. मला वाटायचं, जग एवढंच आहे. ताईला पाहिलं आणि वाटलं, असं बोलता आलं पाहिजे.

त्या वर्षी वेचणीच्या तोंडावर तिनं हैदराबादच्या एका कंपनीकडून गावासाठी काम आणलं. कापसाच्या झाडांचे हजारो फोटो यायचे. मुलींनी फोटोतल्या बोंडाभोवती चौकट ओढायची. त्या चौकटी पाहून मशीन शिकणार, बोंड कसं दिसतं. बारा मुली होत्या. इंटर, म्हणजे बारावी झालेल्या, डिग्री अर्धी सोडलेल्या. सकाळी आईबरोबर वेचायला, दुपारी खोलीत. ओरखडलेल्या बोटांनी माऊस धरताना आधी सगळ्या कुरकुरायच्या. ताई म्हणायची, "सरकारच्या मशीनले तुमचे अंगठे दिसत नाहीत. या मशीनले तुमचे डोळे पाहिजेत. डोळ्याइले तरी भाव खाऊ द्या."

त्या दुपारी अजून माझ्या नाकात आहेत. पत्र्याची ऊब, कोणाच्या तरी डब्यातला ठेचा, केसांत अडकलेले कापसाचे तंतू. मनीषा सगळ्यांत जलद. तिची आई कमलाबाई कुणब्याची, पहिल्या दिवशी समाज मंदिराच्या पायरीशीच थांबली होती. ताईच्या आईनं आतून हाक मारली, "ये न व कमला. वावरात एका धुऱ्यावर बसून भाकर खातो, अन् अथी काऊन अडकली?" कमलाबाई आली. आणि मग रोज यायची, मुलीच्या मागे उभी राहून स्क्रीन बघायची, जणू टीव्हीवर ओळखीचं कोणी दिसणार आहे.

आठवड्यानं कंपनीनं काम तपासून परत पाठवलं. लाल खुणाच खुणा. मुलींनी बोंडं सोडली होती. एकेका फोटोत पाच-सहा पांढरी बोंडं अशीच, चौकटीविना. मनीषाचा चेहरा उतरला. ताईनं फोटो मोठा केला आणि विचारलं, "हे काऊन सोडलं?"

"ते कच्चं हाये न ताई. अर्धंच फुटलं. त्याले कोण हात लावते?"

मागून कमलाबाई म्हणाली, "वढलं त हिरवं टरफल संगं येते. कापूस खराब. ते पुढच्या वेच्याले."

बाराही मुलींनी तेच केलं होतं. कोणी कोणाला न विचारता. नियमाच्या यादीत लिहिलं होतं, दिसेल ते प्रत्येक बोंड. त्यांच्या डोळ्यांनी ते वाचलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांना फक्त वेचण्याजोगं दिसत होतं. मशीन शिकवायला बसलेल्या मुलींनी सरळ वेचणीच केली होती.

ताई हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिनं त्याच दुपारी हैदराबादला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिकडचा माणूस म्हणत होता, मुलींना पुन्हा प्रशिक्षण द्या. ताई म्हणाली, "मुलींना नाही, तुमच्या यादीला द्या. तुमचं मशीन कच्चं बोंड ओढणार आणि सगळा माल खराब करणार. ह्या चुका नाहीत. हे तुम्हाला माहीत नव्हतं."

पंधरा दिवसांनी नवी यादी आली. मुलींचा नियम त्यात होता. खाली लिहिलं होतं, तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून बदल. ताईनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "तज्ज्ञ कोण?" मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. "तुमी," ती म्हणाली. "अन् आता हे त्याइच्याकडून लिहून घ्याचं. बारा पत्रं. प्रत्येकीचं पूर्ण नाव, काय काम केलं ते, अन् हा नियम कोणी दिला ते. पत्र नसलं त उद्या हैदराबादेत कोणी विचारणार नाही, तुले काय येते म्हणून."

तेवढंच तिचं मागणं होतं. मी हे पुन्हा लिहिते, कारण मला ते तेव्हा फार लहान वाटलं होतं. मी मोठ्या मागण्यांवर वाढलेली. बारा कागद? क्रांती बारा कागदांची असते का?

कंपनीनं कबूल केलं. फोटोंचा शेवटचा गठ्ठा पूर्ण झाला की पत्रं देऊ. वेचणी अर्ध्यावर आली होती. गावात प्रत्येक घरात एक खोली कापसानं भरलेली. पोरं त्या ढिगात उड्या मारत होती आणि म्हाताऱ्या ओरडत होत्या. त्या दिवसांत मी एकदा ताईच्या संगणकावर एक चित्र पाहिलं. मशीनचं. लांब हाताचं, शेताच्या ओळीतून चालणारं. खाली लिहिलं होतं, वेचणीच्या मजुरीला पर्याय.

मला माहीत नव्हतं असं नाही. मशीन बोंड ओळखायला शिकतंय तर ते काय करणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण चित्र पाहिल्यावर डोकं फिरलं. मी ताईला विचारलं नाही. आदिलाबादला गेले, संघटनेच्या छापखान्यात बसून पत्रक लिहिलं. वर जाड अक्षरांत, तुमच्याच मुलींच्या हातून तुमच्याच पोटावर पाय. खाली कंपनी, खाली मागण्या. बेल्याच्या बाजारच्या दिवशी मी स्वतः वाटलं. भाजीच्या पालांमधून, चुन्याच्या डबीवाल्यांपासून बांगडीवाल्यापर्यंत. बाया वाचता येणाऱ्याच्या हातात देऊन ऐकत होत्या. माझी छाती भरून आली होती. असं वाचलं गेलेलं पत्रक मी आधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलाबाई खोलीत आली. पायरीशी थांबली नाही. सरळ मनीषाच्या खुर्चीशी. "ऊठ."

"माय, तीनच गठ्ठे राह्यले—"

"ऊठ म्हनलं न. माह्या वेचनीवर तू शिकली. अन् आता माह्यीच वेचनी बंद कराची अकल त्या मशीनले देऊन राह्यली?" मग ताईकडे वळून, आवाज न चढवता, "बाई, तुमाले मालूम होतं?"

ताई म्हणाली, "हाव. मालूम होतं."

"सांगतलं काऊन नाही?"

ताईकडे उत्तर होतं. ते तिनं मला नंतर दिलं, कमलाबाईला दिलं नाही. त्या वेळी ती फक्त म्हणाली, "चुकलं, मावशी."

संध्याकाळपर्यंत खोलीत तीन मुली उरल्या. दुसऱ्या दिवशी एकही नाही.

मी गेले तेव्हा ताई एकटी बसून राहिलेले फोटो स्वतःच उघडत होती. माझं पत्रक तिच्या बाजूला होतं. मी भांडायच्याच तयारीनं गेले होते. म्हटलं, "तुम्ही लपवलं. बायांपासून लपवलं. कंपन्या लपवतात तसं."

"हाव," ती म्हणाली. "पत्रं हातात आली असती की मी स्वतः घरोघर जाऊन सांगणार होती. मशीन आपण नाही शिकवलं त आंध्राच्या कोण्या गावाची पोट्टी शिकवीन. येणारच हाये ते. आईची वेचणी जाणार त निदान पोरीच्या हाती कागद असला पाहिजे, एवढंच मी पाहून राह्यली होती. एका हंगामात दोन्ही हातचं जाऊ नाही म्हणून."

"मग तेच सांगायचं होतं."

"तू विचारायचं होतं."

एवढं बोलून ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. मला वाटलं, ती ओरडेल. तिनं ओरडायला हवं होतं.

त्या पत्रकात एक शब्दही खोटा नव्हता. हेच मला अजून सोडत नाही. खोटं असतं तर माफी मागून मोकळी झाले असते. खरं बोलून एखाद्याचं वाटोळं करता येतं, हे आम्हाला कोणत्याही शिबिरात शिकवलं नव्हतं. आम्ही शिकलो होतो की खरं आहे ना, मग छाप. कधी, कोणाला विचारून, कोणाच्या हातातून काय निसटेल, हे प्रश्न भित्र्यांचे असतात असं आम्हाला वाटायचं.

काम पूर्ण झालं नाही, म्हणून कंपनीनं पत्रं नाकारली. शिवाय पत्रकात नाव छापून बदनामी झाली म्हणून राग. ताई हैदराबादला गेली, आली, पुन्हा गेली. वेचणी संपत आली होती. शेतात शेवटचा वेचा, मागे राहिलेला, डागाळलेला कापूस. उभ्या पऱ्हाट्या काळ्या पडत चाललेल्या. तिसऱ्यांदा परत आली तेव्हा तिच्या पिशवीत बारा पाकिटं होती.

तिनं ती स्वतः वाटली. मनीषाच्या पत्रावर तिचं पूर्ण नाव होतं, तिनं काय काम केलं ते होतं, आणि शेवटच्या ओळीत तो नियमही होता, कच्चं बोंड वगळण्याचा, आणि तो ह्या मुलीनं व तिच्या सहकाऱ्यांनी दिला असं स्वच्छ लिहिलेलं. कमलाबाईनं पाकीट उलटसुलट केलं आणि देवाच्या फोटोमागे ठेवलं. राग गेला नव्हता. पण ठेवलं. पुढच्या वर्षी मनीषा त्याच पत्रावर हैदराबादला नोकरीला लागली. तिच्या पाठोपाठ आणखी काही. सगळ्या नाही. दोघींची लग्नं झाली आणि पाकिटं सासरी पेटीत गेली.

पाकिटं वाटून झाली त्या दिवशी मी ताईला आनंदानं विचारलं होतं, पुढची सभा कधी? ह्यावर बोललंच पाहिजे. तिनं पिशवीतून आणखी एक कागद काढून माझ्यासमोर धरला. इंग्रजीत होता, दोन पानांचा, खाली तिची सही. ह्या कामाविषयी, ह्या कंपनीविषयी, ह्या क्षेत्रातल्या स्त्रियांच्या कामाच्या अटींविषयी ती कुठल्याही मंचावर, मुलाखतीत, समाजमाध्यमावर बोलणार नाही. बारा पत्रांच्या बदल्यात.

मी दोनदा वाचला. मग म्हटलं, असली सही कोर्टात टिकत नाही.

"टिको न टिको," ती म्हणाली, "माह्या तोंडातून सबूद गेला. पोरी तिथंच नोकरीले लागतीन, त्याच लोकाइच्या ओळखीनं. मी बोलली त कोणाचे पत्र खोटे ठरतीन?"

तिच्या जागी दुसऱ्या बाया बोलत राहिल्या असत्या. ती बोलली नाही. तीन वर्षं. तिला बोलावणी येतात, ती नको म्हणते. लोकांना वाटतं, थकली. काहींना वाटतं, कंपनीनं मोठ्या पदावर घेतलं म्हणून गप्प. ती हैदराबादला एका लहानशा ठिकाणी चुका तपासायचं काम करते. ज्या कामावर मुलींना बसवतात म्हणून ती भांडली होती, तेच. मला ती नीट वागवते. जेवलीस का विचारते. आईची चौकशी करते. एखाद्या पाहुणीशी बोलावं तसं. मी किती वेळा म्हटलं असेल, एकदा तरी मला शिव्या द्या.

हे लिहितानाही भीती आहेच. हेही दुसरं पत्रकच तर नाही ना? सही मी केलेली नाही, मी बोलू शकते. पण ह्या वेळी छापायला देण्याआधी मी तिला पाठवलं. चार दिवसांनी परत आलं. तिनं दोन ओळी कापल्या होत्या आणि एका ठिकाणी माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं होतं. बाकी काही नाही. कापलेल्या ओळी कोणत्या, ते सांगणार नाही.

गेल्या आठवड्यात बेला रस्त्यालगतच्या एका वावरात मशीन आलं. दाखवायला. मांडव घातला, खुर्च्या, गार पाण्याचे डबे. कंपनी तीच की दुसरी, कोणाला माहीत. माईकवरचा माणूस हिंदीत सांगत होता, माताओं-बहनों, ये मशीन खुद सीखती है. ताई आईला बघायला दोन दिवस आली होती, आणि आईच्या हट्टानं तिला घेऊन तिथे आली. आम्ही बायांच्या मधे, सतरंजीवर. मशीन ओळीतून गेलं, लांब हात बाहेर, आत. पांढरं घेतलं. अर्धवट बोंडं सोडून पुढे गेलं. बायांमधून एक हलकीशी लाट गेली. बापा, कच्चं सोडलं. समजते त्याले.

माईकवाल्यानं विचारलं, गाँव से कोई दो शब्द बोलेगा? आणि सगळ्यांच्या माना वळल्या. ताईकडे.

"बोल न व बाई," कोणीतरी म्हणालं. "तुले त बोलता येते."

ताई मान हलवून नाही म्हणाली. हसली.

कमलाबाई समोरच बसली होती. वळून म्हणाली, "काऊन? आता मोठी झाली. पह्यले त थांबवलं तरी थांबे नाही. हैदराबादनं तोंड शिवलं काय?"

दोघी-तिघी हसल्या. ताईच्या आईनं मान खाली घातली. मला ते सहन झालं नाही. मी उठायला गेले, गुडघा टेकला, तोंड उघडलं. माझ्या मनगटावर ताईचा हात आला. तीन वर्षांत तिनं मला पहिल्यांदा हात लावला होता. बोटं गार होती.

"बस," ती म्हणाली. फक्त मला ऐकू येईल इतकं.

मी बसले.

मग ती कमलाबाईकडे वळली आणि म्हणाली, "घसा बसला, मावशी. कापसाची धूळ गेली."

आवाज अगदी स्वच्छ होता. मांडवभर ऐकू गेला असेल. कमलाबाईनं आधी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तिनं बाजूच्या डब्यातून पेलाभर पाणी काढून ताईच्या हातात दिलं, आणि तोंड फिरवून पुन्हा मशीनकडे बघायला लागली. ताई पाणी प्यायली. सगळं, न थांबता, घसा खरंच बसल्यासारखं.